सर्वांत मोठा कोच कोण? भांडायचं कसं ते सांगतो

रविवारी सकाळी बास्केटबॉल खेळून झालं की आम्ही सात-आठ जण मैदानाबाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खातो. वयं चाळीस ते पंचावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. प्लेटा हातात आल्या की कोणीतरी काडी टाकतोच: एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वांत मोठा कोच कोण? नागपुरात हा वाद मी वीसेक वर्षं घालून राहिलोय आणि बहुतेक वेळा हरलोय. त्यातून जे शिकलो ते लिहितो.

आधी समोरच्याचं हत्यार ओळखा. आमच्यातला बँकवाला फक्त "अकरा" म्हणतो आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागतो. फिल जॅक्सनची अकरा टायटलं, शिकागो बुल्सची सहा आणि लेकर्सची पाच. बोस्टन सेल्टिक्सच्या रेड आवरबाखची नऊ. पॉपोविच, पॅट रायली, जॉन कुंडला यांची पाच-पाच. इथे "अबे, त्याच्याकडे जॉर्डन होता!" असं ओरडू नका. तो त्याचीच वाट बघत असतो. बुल्सचा सगळ्यात मोठा खेळाडू मायकल जॉर्डन जॅक्सनच्या आधी पाच सीझन दुसऱ्या कोचांकडे खेळला, एकही रिंग, म्हणजे टायटल, नाही. लेकर्सचे शॅक आणि कोबी १९९९ साली सॅन अँटोनिओकडून ४-० असे धुतले गेले. जॅक्सन आला आणि पुढच्याच वर्षी टायटल. जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला तेव्हाही, १९९३-९४ मध्ये, बुल्सनी ५५ सामने जिंकले, आदल्या वर्षीपेक्षा जेमतेम दोन कमी. ही तीन वाक्यं ऐकून मी किमान चारदा गप्प बसलोय.

त्यापेक्षा त्याला ट्रँगलबद्दल विचारा. जॅक्सनच्या संघांचा तो प्रसिद्ध त्रिकोणी हल्ला मुळात त्याचा नव्हे; तो बसवला टेक्स विंटरने, जो त्याचा असिस्टंट होता. बँकवाला म्हणेल, दुसऱ्याची चीज ओळखणं आणि जॉर्डनसारख्याला चेंडू सोडायला लावणं, हेच तर कोचिंग. खरं आहे त्याचं. पण आता तो आकडे सोडून कामाबद्दल बोलू लागला, आणि आपल्याला तेवढंच हवं होतं.

एकूण विजयांच्या भानगडीत फार पडू नका. लेनी विल्कन्सने नियमित सीझनचे १३३२ सामने जिंकले आणि ११५५ हरले. गंमत म्हणजे जॅक्सनचे नियमित सीझनचे विजयही ११५५च. एकाची हार ती दुसऱ्याची अख्खी कमाई! जेरी स्लोन १२२१ जिंकला, टायटल एकही नाही. १९९७ आणि १९९८ अशी दोन्ही फायनल जॅक्सनच्याच बुल्सकडून हरला. 'कोच ऑफ द इयर'चं तर नावच काढू नका. तो स्लोनला कधीच मिळाला नाही, जॅक्सनला एकदा. आवरबाखलाही एकदाच, आणि आज तो पुरस्कार आवरबाखच्याच नावाने देतात.

आवरबाखवर यायच्या आधी मात्र एक नियम ठरवून घ्या, नाहीतर पोहे थंड होतील: संघ जमवणं हे कोचच्या खात्यात धरायचं का? आमच्यातले डॉक्टर म्हणतात, "तेव्हा लीगमध्ये संघच आठ-नऊ, त्यात काय मोठं?" मुद्दा रास्त आहे. पण त्या माणसाला असिस्टंट नव्हता. खेळाडू शोधायचा तोच, सौदे करायचा तोच आणि सामन्यात बेंचवर बसून ओरडायचाही तोच. १९५६ मध्ये दोन चांगले खेळाडू देऊन त्याने बिल रसेलला संघात घ्यायचा हक्क मिळवला आणि पुढच्या दहा सीझनमध्ये नऊ टायटलं आली. १९६६ मध्ये निवृत्त होताना संघ त्याच रसेलच्या हाती दिला. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. जमवणं धरलं तर माझ्या मते आवरबाखच्या जवळपास कोणी येत नाही. न धरलं तर वाद पुन्हा उघडा.

आम्ही धरत नाही, त्यामुळे माझा माणूस सॅन अँटोनिओ स्पर्सचा पॉपोविच. आणि इथे माझी एकमेव खरी युक्ती: आपल्या कोचची सगळ्यात मोठी चूक आपणच आधी सांगून टाकायची.

१९ जून २०१३, आपली सकाळ. फायनलचा सहावा सामना, मायामीत. ऑफिसची आंघोळ टाकून मी टीव्हीसमोर. स्पर्स मालिकेत ३-२ पुढे, हा जिंकला की टायटल, २८ सेकंद उरलेले आणि पाच गुणांची आघाडी. कोर्टाभोवती पिवळी दोरी घेऊन माणसं उभी राहिली, बक्षीस समारंभासाठी. मायामीच्या लेब्रॉनने एक तीन गुणांचा घातला. स्पर्सच्या कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला. आघाडी तीनची. आता पॉपोविचने टिम डंकनला बाहेर बसवलं. त्या दिवशी ३० गुण करणारा, संघातला सगळ्यात भरवशाचा रिबाउंडवाला, म्हणजे चुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणारा, बेंचवर! कारण होतं: तीन गुणांचा फटका अडवताना सगळ्यांना आपापला माणूस अदलाबदल करून धावता यावं. लेब्रॉनचा फटका चुकला, रिबाउंड मायामीच्याच बॉशच्या हातात, पास मागे कोपऱ्यात, रे ॲलनचे पाय रेषेमागे सरकले आणि चेंडू आत. ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. ओव्हरटाइममध्ये हार, सातव्या सामन्यातही हार.

हे सगळं तुम्हीच सांगितलंत की बँकवाल्याच्या हाती काय उरतं? मग सावकाश पुढचं वर्ष काढायचं. तेच म्हातारे खेळाडू, वर्षभर वयाने आणखी मोठे. सीझनभर एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही, तरी ६२ विजय. फायनलला पुन्हा मायामी. तिसऱ्या सामन्यापासून बोरिस डियॉला सुरुवातीच्या पाचांत घेतलं आणि चेंडू इतका फिरायला लागला की बचाव करणाऱ्यांच्या माना दुखाव्यात. मालिका ४-१, चारही विजय १५ किंवा जास्त गुणांनी.

त्याच दमात विचारा, "आता तुझ्या जॅक्सनचा वाईट दिवस सांग." १९९४, निक्सविरुद्ध, १.८ सेकंद उरलेले. जॅक्सनने शेवटचा फटका कुकोचला दिला म्हणून बुल्सचा पिपेन बेंचवरून उठलाच नाही. कुकोचने घातला, सामना जिंकला. बँकवाला म्हणतो, "जिंकलेच ना बे!" जिंकले. पण संघातला पहिल्या नंबरचा खेळाडू त्या क्षणी कोचचं ऐकत नव्हता, हे त्याला तोंडाने म्हणायला लावा.

कोणी जॉन वुडनचं नाव आणलं तर लगेच थांबवा. तो कॉलेजचा, इथे व्यावसायिकांची गोष्ट चाललीय.

पण या नियमाचा आम्हालाच फटका बसलाय. हल्ली एक इंजिनीअर पोरगा आमच्यात खेळायला येतो. परवा तो म्हणाला, "काका, व्यावसायिक म्हणजे फक्त अमेरिका का? झेल्को ओब्रादोविच. युरोलीग, म्हणजे युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, नऊ वेळा जिंकला, पाच वेगवेगळ्या क्लबांबरोबर. पार्टिझान, होव्हेंतुत, रेआल माद्रिद, पानाथिनाइकोस, फेनेरबाचे." बोटांवर मोजून दाखवलं त्याने.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी ठेल्याकडे. बँकवाल्याने पहिल्यांदाच प्लेट खाली ठेवली.