बिल्डर म्हणतो भरा, बँक म्हणते थांबा: नव्या घराच्या कर्जात या चुका टाळा

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेताना दोन कागदांवर सह्या होतात: बिल्डरचा करारनामा आणि बँकेचं मंजुरीपत्र. दोन्ही शेजारी ठेवून क्वचितच कोणी वाचतं. पुढची सगळी ओढाताण मात्र तिथूनच सुरू होते.

आधी नोंदणी, मग बँक

करारनामा आधी नोंदवायचा आणि मग बँकेकडे जायचं, सर्वांत महागात पडणारी चूक हीच. महारेराच्या (राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं (प्लिंथ) पूर्ण झालं की ४५ आणि सगळे स्लॅब पडले की ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. म्हणजे एकही मजला उभा नसताना जवळपास निम्मे पैसे मागण्याची बिल्डरला मुभा आहे. बँकेचा इंजिनियर साइटवर जातो तो झालेलं काम मोजायला. त्याच्या अहवालात 'काम २० टक्के' आलं, की काही बँका तेवढ्याच हिशेबानं पैसे सोडतात. काही बँका करारात लिहिलेला टप्पा मान्य करतात. आपली बँक कशी चालते, हे कर्ज मंजूर करतानाच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

करारनाम्याचा मसुदाही नोंदणीआधी बँकेला दाखवा. "सगळ्यांना हाच मसुदा आहे" असं बिल्डरच्या ऑफिसात ऐकायला मिळेलच. टक्के सहसा हलत नाहीत, पण हप्ता भरायची मुदत वाढवून मागायला हरकत नाही. डिमांड लेटरनंतर (बिल्डरच्या हप्ता मागणाऱ्या पत्रानंतर) ७ दिवसांत पैसे भरा असं लिहिलं असेल, तर साइट व्हिजिट आणि कागदपत्रं तेवढ्यात होणं कठीण. ३० दिवस मागा.

बँकेच्या उशिराला बिल्डर जबाबदार नाही

बँकेनं वेळ लावला, तरी करारात हप्ता चुकवणारे तुम्हीच. व्याज लागतं ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा) २ टक्के जास्त दरानं. नमुना करारानुसार ३ हप्ते थकले तर बिल्डर १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करू शकतो. त्यामुळे डिमांड अडकली की गप्प बसू नका. त्या टप्प्याचा आर्किटेक्टचा दाखला बिल्डरकडून घेऊन बँकेला द्या, बँकेची हरकत लेखी मागा आणि ती बिल्डरला पाठवा. जेवढी रक्कम बँक सोडायला तयार आहे, तेवढी लगेच भरा. फोनवर "बघतो साहेब" म्हणणाऱ्या सेल्सवाल्याचा शब्द नंतर कुठेच सापडत नाही.

स्वतःचा वाटा कमी धरणं

८० लाखांच्या फ्लॅटवर ८० टक्के कर्ज, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख हाताशी आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. पुणे महापालिका हद्दीत पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. कर्जाची मर्यादा ठरवताना बँक हे धरत नाही. वर ५ टक्के जीएसटी, ४ लाख. शिवाय बँका सहसा आधी तुमचा वाटा भरून घेतात, मग कर्ज सोडतात. पहिल्याच डिमांडला हे लक्षात आलं, तर वैयक्तिक कर्ज काढायची वेळ येते.

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे बिल्डरच्या नावावर सरकारकडे भरायचा कर, तुम्ही कापायचा असतो. बँकेनं पूर्ण हप्ता बिल्डरला दिला, तर तो टक्का आधी तुमच्या खिशातून जातो आणि मग बिल्डरकडे परत मागत बसावं लागतं. हा टक्का वजा करूनच चेक काढा, असं आधीच बँकेला सांगा.

ओसीआधी शेवटचा हप्ता

"फर्निचरचं काम सुरू करा, चावी घ्या, बाकी रक्कम भरा," असा आग्रह भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) येण्याआधीच होतो. इथे बँक अडून बसली तर तिच्यावर चिडू नका. नमुना करारातही उरलेली रक्कम ओसी मिळाल्यावर, ताबा देताना द्यायची आहे. अशी डिमांड आली तर करारातलं ते कलम जोडून लेखी नकार कळवा आणि ओसीची प्रत मागा.