नेब्रास्कातील वसाहतकार पूर्वजाचा शोध : साक्षीदारांची नावेही टिपून घ्यावीत

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांत आता दोन खंडांतील वंशावळी एकत्र मांडण्याची वेळ येऊ लागली आहे. आमच्या मुलांचे आजोळ सातारा जिल्ह्यातील, आणि त्यांच्या वडिलांचे घराणे नेब्रास्कातील. माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तांत हाताशी होता. सासरी मात्र मूळ पुरुषाविषयी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांविषयी, काही आठवणी आणि एक जुने छायाचित्र एवढेच शिल्लक होते. ते बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेशातून, एकटेच आले आणि नेब्रास्कातील व्हॅली काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) ओसाड माळावर त्यांनी एकट्याने घर उभे केले, असे घरात सांगितले जात असे. कागदपत्रे पाहत गेले तसे त्या कथेतील 'एकटेच' तेवढे गळून पडले. या कामास नव्याने लागणाऱ्यांनी पूर्वजाबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचाही शोध घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते ते याच अनुभवामुळे.

आरंभ घरातील वडीलधाऱ्यांपासून करावा आणि आपल्यापासून मागे एकेक पिढी सिद्ध करत जावे. मूळ पुरुषावर एकदम उडी घेतली, तर त्याच नावाचा दुसराच माणूस आपला पूर्वज होऊन बसण्याचा धोका असतो. चेक वस्त्यांमध्ये तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात. मागे जाण्यासाठी दर दहा वर्षांनी होणारी अमेरिकी जनगणना हा मुख्य आधार आहे. १८५० पासून तिच्यात घरातील प्रत्येक मुक्त, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव मिळते, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते कळते, आणि १९०० च्या गणनेत जन्माचा महिना व वर्ष, विवाहास झालेली वर्षे आणि देशात आल्याचे वर्ष अशी बहुमोल माहिती येते. १८९० ची गणना बहुतांशी नष्ट झालेली आहे. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीनंतर तिचा फारच थोडा अंश उरला. नेब्रास्कापुरते सांगायचे तर १८८५ साली तेथे झालेली राज्याची गणना ही पोकळी बरीचशी भरून काढते. राज्यभर जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्यास तेथे १९०४ मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे पहिल्या पिढीतील मुलांचे जन्मदाखले शोधण्यात वेळ घालवू नये.

खरा खजिना जमिनीच्या कागदांत आहे. अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीस १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येत असे. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा किंवा त्याने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला असावा, अशी अट होती. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत होत्या. पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसल्याचे सिद्ध केले की मालकीचे हक्कपत्र मिळे. ही हक्कपत्रे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नाव आणि राज्य घालून विनामूल्य शोधता येतात. हक्कपत्रावर जमिनीचे वर्णन असते : कोणत्या मध्यान्हरेषेपासून कितवी टाउनशिप (सहा मैल लांबीरुंदीचा चौकोन), तिच्यातील एकेक चौरस मैलाच्या ३६ सेक्शनांपैकी कोणता, आणि त्या सेक्शनचा कोणता चतुर्थांश. आपल्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकाचे जे महत्त्व, तेच या वर्णनाचे. ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक चौकशी त्याच्याच आधारे होते.

या वर्णनामुळे घरातील आठवणीही पारखता येतात. १२ जानेवारी १८८८ च्या भीषण हिमवादळात व्हॅली काउंटीतील मिरा व्हॅली येथील शाळेतून मिनी फ्रीमन या शिक्षिकेने मुलांना सुखरूप बाहेर नेले, ही घटना नेब्रास्कात फार प्रसिद्ध आहे. पणजोबांच्या दोन मुली त्या मुलांत होत्या, असे आमच्याकडे अभिमानाने सांगत असत. नकाशावर जमीन आखून पाहिली, तर ती काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, बऱ्याच मैलांवर निघाली. त्या मुली त्या शाळेत रोज जात असणे शक्य नव्हते. ही आठवण मी वगळली नाही, मात्र ती 'घरातील कथा' या मथळ्याखाली स्वतंत्र नोंदवली. अशी विभागणी पहिल्या दिवसापासून करावी.

हक्कपत्र मिळाले म्हणून पुष्कळ जण तेथेच थांबतात. तो कागद म्हणजे शेवटचा शिक्का. त्यामागची संपूर्ण फाइल वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असते, आणि नेब्रास्काच्या या फाइलींच्या प्रतिमा आता संगणकावरही पाहता येतात. आमच्या फाइलीत १८७८ चा अर्ज, शुल्काच्या पावत्या, इराद्याच्या जाहीरनाम्याची नक्कल आणि १८८४ मधील अंतिम पुराव्याच्या, म्हणजे जमीन कसल्याचे सिद्ध करताना दिलेल्या, जबान्या होत्या. जबानी छापील प्रश्नांच्या स्वरूपात असते आणि उत्तरे कारकुनाच्या हातची असतात. घर कशाचे आहे, या प्रश्नापुढे 'मातीच्या ढेकळांचे, चौदा बाय वीस फूट, एक दार, दोन खिडक्या' असे लिहिलेले होते. त्याखाली तबेला, विहीर, कोंबड्यांचे खुराडे आणि नांगरटीखाली आणलेले एकर. जमिनीपासून किती काळ दूर होता आणि कशासाठी, या प्रश्नाला उत्तर होते की दोन हिवाळे रेल्वेच्या कामावर मजुरीस गेलो होतो, त्या काळात पत्नी आणि मुले घरीच राहिली. ज्या स्त्रीचे नाव आमच्या घरात कोणाला सांगता येत नव्हते, तिने ते दोन हिवाळे मुलांसह त्या माळावर काढले होते. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

आता साक्षीदारांकडे वळते. १८७९ च्या कायद्यानंतर अंतिम पुराव्याची सूचना जमिनीच्या जवळच्या वर्तमानपत्रात छापावी लागे आणि तीत चार साक्षीदारांची नावे द्यावी लागत; त्यांपैकी दोघांच्या जबान्या घेतल्या जात. मूळ पुरुषाच्या स्वतःच्या कागदांत जन्मगाव कोठेही नव्हते. जनगणनेत नुसते 'बोहेमिया', आणि नागरिकत्वाच्या कागदात ऑस्ट्रियाच्या सम्राटावरील निष्ठेचा त्याग, एवढेच. १९०६ पूर्वीचे नागरिकत्वाचे कागद बहुधा असेच त्रोटक असतात, आणि ते कोणत्याही लहानमोठ्या न्यायालयात झालेले असू शकतात. तेव्हा मी चारही साक्षीदारांची स्वतंत्र टिपणे केली. चौघांच्याही जमिनी त्याच किंवा लगतच्या सेक्शनमध्ये होत्या. त्यांतील एक जण, बोटीच्या प्रवासी यादीत आमच्या कुटुंबाच्या लगेच खाली नोंदलेला आढळला. विवाहनोंदीवरून तो पणजीचा भाऊ ठरला. त्याच्या निधनानंतर ओमाहातून निघणाऱ्या एका चेक भाषिक पत्रात आलेल्या मृत्युलेखात दक्षिण बोहेमियातील गावाचे नाव स्पष्ट छापलेले होते. त्या भागातील चर्चच्या जन्मविवाहनोंदींची पुस्तके त्र्शेबोन्य येथील अभिलेखागाराने संगणकावर खुली केलेली आहेत. नोंदी जर्मन किंवा चेक भाषेत आणि जुन्या वळणाच्या अक्षरांत असतात, परंतु त्यांत घरक्रमांक, आईवडिलांची व पुष्कळदा आजोबांचीही नावे आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार येतात. आमच्या नोंदीतील बाप्तिस्म्याचा साक्षीदार नेब्रास्कातील दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या आडनावाचा निघाला. म्हणजे जवळजवळ एक वाडीच माळावर येऊन वसली होती.

अर्ज करूनही जमीन सोडून गेलेल्यांची हक्कपत्रे नसतात. अशांसाठी जमीन कार्यालयांची ट्रॅक्ट पुस्तके, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांनुसार अर्ज टिपलेल्या वह्या, पाहावीत, ती फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर आहेत. जनुकीय चाचणीचा उपयोग कागदांवरून बांधलेला अंदाज तपासण्यापुरता करावा.

आणखी एक गोष्ट वंशवृत्तात लिहिलीच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. सरकारने 'मोकळी' म्हणून वाटलेली ही जमीन मोकळी नव्हती. प्लॅट नदीच्या उत्तरेकडील हा प्रदेश पॉनी या मूळ अमेरिकी जमातीचा होता; १८५७ च्या टेबल क्रीक करारात त्यांनी तो सोडला, आणि लूप नदीकाठी उरलेल्या राखीव भूमीतूनही १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. आमच्या कुटुंबाचा अर्ज १८७८ चा आहे. या दोन्ही तारखा आम्ही एकाच पानावर छापल्या, आणि त्याला घरातून कोणी हरकत घेतली नाही.

सध्या माझे काम काउंटीच्या दस्तनोंदणी पुस्तकांत चालू आहे. जमीन विकताना पत्नीचा हक्क सोडल्याची तिची सही घेतली जात असे, त्यामुळे पतीच्या कागदांत न दिसणाऱ्या स्त्रिया विक्रीच्या दस्तांत नावानिशी भेटतात. विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या सूची असतात. दोन्ही चाळाव्यात, आणि आपल्या माणसाबरोबर त्या चार साक्षीदारांच्या बायकांचीही नावे लिहून घ्यावीत.