मोर्चा काढताय? पोलिसांपुढे होणाऱ्या या चुका टाळा

सांगली-साताऱ्याला मोर्चे नवे नाहीत. ऊसदर, म्हैसाळ योजनेचं पाणी, टोल, काहीतरी चालूच असतं. तरी दर वेळी नवी पोरं जुन्याच चुका करतात आणि रात्री फोन येतो, "अण्णा, पोरं ठाण्यात बसवलीत."

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पोच मिळाली की परवानगी मिळाली असं समजणं. आदल्या संध्याकाळी अर्ज द्यायचा, शिक्का घ्यायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा! अहो, शिक्क्याचा अर्थ कागद पोचला एवढाच. त्यात त्या तारखेला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37(3), म्हणजे जमावबंदीचा आदेश, लागू असलं, तर परवानगीशिवाय पाच माणसं जमली तरी आदेश मोडल्याबद्दल कलम 135 लागतं. आदेश 15 दिवसांचा असतो, पण सणासुदीला एक संपला की दुसरा निघतो. मी आठवडाभर आधी अर्ज देतो. त्यात मार्ग, वेळ आणि माणसांचा अंदाज लिहितो. मग ठाण्यात जाऊन गोपनीयच्या, म्हणजे मोर्च्या-आंदोलनांची माहिती ठेवणाऱ्या शाखेच्या, हवालदाराला भेटतो. त्याच्याशी बोललं की आंदोलन विकलं असं मानणारे क्रांतिकारक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी खुशाल मानावं. नकार आला तर तो लेखी मागतो. मार्ग बदला, वेळ बदला असं पोलीस सांगू शकतात. पण रस्त्यावर सभाच नको, असा सरसकट नकार चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1972 मध्येच हिंमतलाल शहा खटल्यात सांगितलंय.

आदल्या रात्री, काही गुन्हा घडू नये म्हणून, पोलिसांची नोटीस येते. जुनी माणसं तिला अजून 149 म्हणतात. 1 जुलै 2024 पासून ती, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 खाली निघते. दार लावून घेऊ नका. घ्या, वेळ टाकून सही करा, मजकूर मान्य नसेल तर तसं लिहा.

आता वर्दीचं. जत भागातली पोरं पाण्यासाठी सांगलीत एका कचेरीवर आली होती. ऊन मी म्हणत होतं आणि निवेदन घ्यायला कोणी खाली येईना. बॅरिकेडपाशी रेटारेटी झाली आणि एकानं हवालदाराची काठी धरली. मारायला नव्हे, अंगावर येतेय म्हणून. बाकीच्यांना पोलीस कायद्याच्या कलम 68 खाली व्हॅनमध्ये घातलं आणि संध्याकाळी 69 प्रमाणे सोडलं. ह्याच्यावर मात्र सरकारी कामात अडथळा लागला. जुन्या भादंविचं 353, आता न्याय संहितेचं 132. अजामीनपात्र, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता! चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर आता काय लिहायचं, हे विचारायला त्याचे वडील माझ्याकडे आले होते. "धर, सोडू नको" म्हणून मागून ओरडणारे व्हिडिओ टाकून घरी गेले होते.

तेव्हापासून माझ्या मोर्चात पुढच्या रांगेत भरतीची पोरं नसतात. तिथं पिकल्या केसांची माणसं आणि दमदार बायका असतात. दोन कार्यकर्ते पोलिसांकडे पाठ करून आपल्याच गर्दीकडे बघत उभे राहतात. निवेदन कोण देणार ते आधी ठरतं, साहेबांची वेळही आधीच मागितलेली असते. हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी रील काढावेत, मोर्चे नव्हे.

बाकीचं थोडक्यात. ताब्यात घेतलं की लगेच "अटक झाली" अशी पोस्ट टाकू नका; सुटताना कलम कुठलं आणि गुन्हा दाखल झालाय का, ते विचारा. अटक असेल तर कारण सांगणं आणि घरी कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. न वाचता जबाबावर सही नको. स्पीकरची परवानगी वेगळी काढा. पेठ नाक्यावर रास्ता रोको करताना ॲम्ब्युलन्स अडवलीत, तर मला फोनही करू नका.

आणि वकिलाचा नंबर हातावर पेनानं लिहून घ्या. व्हॅनमध्ये बसल्यावर फोन आपल्याकडे राहीलच असं नाही.