बेसबॉल कार्डांवरील चुकीच्या नोंदी मी कशा दुरुस्त केल्या

न्यू जर्सीत जुन्या घरसामानाच्या विक्रीत मला सव्वीस बेसबॉल कार्डे, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेली जुनी कार्डे, मिळाली. पांढरी किनार आणि लहानसा आकार पाहून मी सगळ्यांच्याच प्लास्टिक पाकिटांवर ‘टी-२०६, १९०९ ते १९११’ असे लिहून टाकले. ‘टी-२०६’ हा कार्डसंग्राहक जेफरसन बर्डिक यांच्या कार्डांच्या सूचीतील एका संचाचा क्रमांक असून त्या संचातील कार्डे अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून येत असत.

काही दिवसांनी दिव्याखाली पाहताना तीन कार्डांवरील खेळाडूंची नावे निळ्या शाईत असल्याचे लक्षात आले. टी-२०६ मध्ये नाव तपकिरी शाईत असते, म्हणून मी ती उलटवून पाहिली, तर मागे ‘कूपन’ या सिगारेटची जाहिरात होती. म्हणजे चित्रे तीच असली तरी ही कार्डे १९१४ किंवा त्यानंतरच्या टी-२१३ संचातील होती. ही चूक मला फार लागली, कारण कार्डाची मागची बाजू वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही.

मग मी प्रत्येक कार्ड दहापट भिंगाखाली तपासले. अस्सल कार्डावरील नावाची अक्षरे सलग, भरीव शाईची दिसतात. टाय कॉब या प्रसिद्ध खेळाडूच्या एका कार्डावर मात्र ती बारीक ठिपक्यांची निघाली, आणि ते अलीकडचे पुनर्मुद्रण ठरले. आता माझ्या चिठ्ठीवर खेळाडू, चित्रातील त्याची ढब, मागच्या बाजूवरील सिगारेटचे नाव, ‘१५० सब्जेक्ट्स’ किंवा ‘३५० सब्जेक्ट्स’ हा मालिकेतील चित्रांची संख्या सांगणारा मजकूर आणि कारखान्याचा क्रमांक असतो, कारण एकट्या कॉबचीच टी-२०६ मध्ये चार वेगवेगळी चित्रे आहेत. चिठ्ठी मी बाहेरच्या पाकिटावर लावतो, कार्डाला डिंक लागू देत नाही.