कयाकच्या डेकला रंग चढवताना

कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या चिंचोळ्या होडीच्या) प्लायवूडच्या डेकवर, म्हणजे वरच्या भागावर, एपॉक्सी (कडक होणारं राळेसारखं रसायन) आणि ग्लास क्लॉथ (काचतंतूंचं कापड) चढवायचं असेल, तर लाकूड रंगवायला पाण्यात विरघळणारा ॲनिलीन डाय (कृत्रिम रंग) वापरा. तेलाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) नको. त्यातला तेलकट अंश लाकडात राहिला की एपॉक्सीची पकड कमी होते आणि पुढे कापड सुटू शकतं.

खरी डोकेदुखी असते ती आधी सांडलेल्या एपॉक्सीची. कोरड्या लाकडावर तो डाग दिसतच नाही. डाय लावला की तिथं पांढुरकं बोट उमटल्यासारखं दिसतं, कारण रंग आत शिरतच नाही. म्हणून सँडपेपरने घासून झाल्यावर डेक ओल्या फडक्याने पुसा आणि तिरप्या उजेडात बघा. फिकट, कोरडे राहिलेले ठिपके पेन्सिलीने खुणावून घासून काढा, पण बेताने: प्लायचा वरचा पापुद्रा पातळ असतो. याच पाण्याने लाकडाची लव उभी राहते. ती वाळल्यावर २२० नंबरच्या सँडपेपरने हलकेच काढा.

छटा त्याच प्लायच्या तुकड्यावर आधी ठरवा, आणि तुकड्यावर एपॉक्सीचा हातही द्या. नुसता वाळलेला डाय मळकट दिसतो. रंग खुलतो तो एपॉक्सीखालीच.

डाय फोम ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, ओली कड सुकू न देता एका दमात लावा. २४ तास वाळू द्या. नंतर घासायचं नाही. आधी रोलरने एपॉक्सीचा पातळ थर, तो घट्ट झाल्यावर कापड, आणि शेवटी अतिनील किरण रोखणारं व्हार्निश. लाल छटा उन्हात लवकर विटतात.