आकड्यांच्या पहिल्या अंकाची कसोटी कशी लावावी

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनी १८८१ साली एका छोट्या टिपणात नोंदवले की, मोठे गुणाकार-भागाकार सोपे करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) कोष्टकांच्या पुस्तकात सुरुवातीची पाने शेवटच्या पानांपेक्षा लवकर झिजतात. सुरुवातीच्या पानांवर १ या अंकाने सुरू होणाऱ्या संख्या असतात आणि शेवटच्या पानांवर ९ ने सुरू होणाऱ्या. म्हणजे गणित करणाऱ्या माणसांना १ ने सुरू होणाऱ्या संख्यांची गरज कितीतरी जास्त वेळा पडत होती. हे निरीक्षण पुढे विस्मरणात गेले. १९३८ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी नद्यांच्या क्षेत्रफळांपासून लोकसंख्येपर्यंत अनेक ठिकाणांहून २०,२२९ संख्या गोळा करून तीच गोष्ट मांडली, म्हणून आज तिला बेनफर्डचा नियम म्हणतात. पहिला अंक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो, तेव्हा प्रत्येकाला साधारण ११ टक्के वाटा मिळावा असे आपण गृहीत धरतो, आणि नेमके तेच चुकीचे असते. हा नियम केवळ वाचून सोडून देण्याजोगा नाही. कागद, पेन्सिल आणि एक दुपार एवढ्या भांडवलावर तो कोणालाही पडताळून पाहता येतो.

पहिला प्रयोग दुपटीचा करावा. २ पासून सुरुवात करून प्रत्येक संख्या दुप्पट करीत जावे: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. आता फक्त पहिले अंक लिहावेत: २, ४, ८, १, ३, ६, १, २, ५, १. दहा संख्यांत १ हा अंक तीनदा आला, तर ७ आणि ९ एकदाही आले नाहीत. पुढच्या दहा संख्यांत, म्हणजे २०४८ पासून १०,४८,५७६ पर्यंत, पहिल्या अंकांची हीच मालिका जशीच्या तशी येते आणि त्यापुढच्या दहांतही तीच येते. ७ ने सुरू होणारी पहिली संख्या थेट ४६व्या पायरीवर भेटते आणि ९ ने सुरू होणारी ५३व्या पायरीवर. हा प्रयोग यंत्राने न करता हातानेच करावा असे मला मनापासून वाटते, कारण दुप्पट करताना कारणही आपोआप बोटांना कळते: ५, ६, ७, ८ किंवा ९ यांपैकी कशानेही सुरू होणारी संख्या दुप्पट केली की पुढची संख्या १ नेच सुरू होते.

वाढ दुपटीची नसली तरी तत्त्व हेच राहते. एखादी राशी १०० वर आहे आणि दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते असे धरले, तर २०० चा टप्पा ओलांडायला तिला आठवे वर्ष उजाडावे लागते. तेवढा सगळा काळ तिचा पहिला अंक १ च असतो. तीच राशी ९०० वर पोहोचलेली असेल, तर दुसऱ्याच वर्षी ती १००० च्या पुढे जाते आणि ९ चा मुक्काम संपतो. म्हणून प्रत्येक अंकाचा वाटा काढण्याचे सूत्र असे आहे: १ ला त्या अंकाने भागावे, आलेल्या भागाकारात १ मिळवावा आणि बेरजेचा १० या पायावरील लॉग घ्यावा, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती बेरीज मिळते ते पाहावे. त्यातून १ ला ३०.१ टक्के, २ ला १७.६, ३ ला १२.५, ४ ला ९.७, ५ ला ७.९, ६ ला ६.७, ७ ला ५.८, ८ ला ५.१ आणि ९ ला अवघे ४.६ टक्के मिळतात.

आता खरी आकडेवारी निवडावी, आणि येथे घाई करू नये, कारण बहुतेक चुका याच पायरीवर होतात. निवडलेल्या संख्या एकाच प्रकारच्या असाव्यात, त्या दहा, शंभर, हजार, लाख अशा अनेक टप्प्यांवर पसरलेल्या असाव्यात आणि त्यांना कोणी वरून किंवा खालून कुंपण घातलेले नसावे. गावांची आणि शहरांची लोकसंख्या, नद्यांची क्षेत्रफळे, एखाद्या संस्थेने वर्षभरात चुकती केलेली बिले या याद्या चांगल्या. प्रौढ माणसांची सेंटिमीटरमधील उंची घेतली, तर जवळजवळ सगळ्या संख्या १ नेच सुरू होतील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. दूरध्वनी क्रमांक किंवा पिनकोड तर मोजून आलेलेच नसतात, ते वाटून दिलेले असतात; त्यांना ही कसोटी लावू नये. संख्या किमान काही शेकडा असाव्यात, हजार असल्या तर उत्तम.

मोजणी स्प्रेडशीटमध्ये सोपी जाते. एका स्तंभात संख्या भराव्यात, शेजारच्या स्तंभात ‘लेफ्ट’ सूत्राने डावीकडचे पहिले अक्षर घ्यावे आणि ‘काउंटइफ’ने प्रत्येक अंक किती वेळा आला ते मोजावे. उणे चिन्ह आधी काढून टाकावे, शून्य असलेल्या नोंदी वगळाव्यात आणि ०.०४५ सारख्या संख्येत पहिला अंक ४ धरावा. अशा संख्या यादीत असतील, तर संपूर्ण स्तंभाला दहा लाखांनी गुणून घेतले की अडचण मिटते आणि पहिला अंकही बदलत नाही. मोजणी झाल्यावर सगळ्या संख्या मीटरमधून फुटांत बदलून पुन्हा मोजाव्यात. एकेका संख्येचा पहिला अंक बदलतो, पण वाट्यांचे एकूण चित्र जवळजवळ तसेच राहते, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट.

फरक किती दिसला म्हणजे शंका घ्यावी? शंभर संख्यांत १ हा अंक ३० ऐवजी २४ किंवा ३६ वेळा आला, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. हजार संख्यांत मात्र ही संख्या साधारणपणे २७२ ते ३३० यांच्या दरम्यान असावी. त्याबाहेर गेली, तर कोणत्या अंकाचा वाटा फुगला आहे ते पाहावे आणि त्या अंकाच्या नोंदी एकेक करून उघडाव्यात. पाच हजारांपुढील खर्चाला वरिष्ठांची मंजुरी लागत असेल, तर ४ चा वाटा फुगलेला दिसतो, कारण बिले ४,८०० किंवा ४,९५० वर थांबवली जातात. कधी त्यामागे लबाडी असते, तर कधी फक्त मंजुरीची कटकट टाळण्याची सवय. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९३ साली गाजलेल्या एका खटल्यात २३ बनावट धनादेशांची रक्कम जवळपास १९ लाख डॉलर होती. त्यांपैकी पहिले दोन वगळता बाकी सर्व रकमा ७, ८ किंवा ९ ने सुरू होणाऱ्या आणि एक लाख डॉलरच्या आतल्या होत्या.

या कसोटीचा गैरवापरही तितक्याच सहजपणे होतो. अमेरिकेतील २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर काहींनी मतदान केंद्रनिहाय मतांचे पहिले अंक मोजून घोटाळ्याचा निष्कर्ष काढला. परंतु मतदान केंद्रे मुद्दामच साधारण सारख्या आकाराची आखलेली असतात, त्यामुळे एका उमेदवाराची मते बहुतेक ठिकाणी काही शेकड्यांच्या अरुंद पट्ट्यात राहतात आणि तेथे हा नियम लागूच पडत नाही. म्हणून कोणी असा दावा केला, तर आलेख पाहण्याआधी त्यांच्याकडे मूळ यादी मागावी आणि तिच्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या शेजारी शेजारी लिहून पाहावी. दोन्हींत जेमतेम एका शून्याचा फरक असेल, तर पहिले अंक मोजायला बसण्याचे कारण उरत नाही.