ठिबकचं अनुदान: संच घेण्याआधी काय, घेतल्यावर काय

दुकानदार ओळखीचा, लागवड तोंडावर आलेली, म्हणून आधी ठिबक संच उचलायचा आणि मग पावती घेऊन कृषी कार्यालय गाठायचं, असं करणारे शेतकरी प्रत्येक तालुक्यात भेटतात. तिथे त्यांना एकच प्रश्न विचारतात: पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची कृषी विभागाची मंजुरी, कुठाय? ती नसेल तर पावती कितीही पक्की असली तरी प्रकरण तिथेच संपतं. त्यामुळे या योजनेत टक्केवारीपेक्षा क्रम जास्त महत्त्वाचा आहे. आधी शेतकरी ओळख क्रमांक, मग अर्ज, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी.

नक्की किती मिळतं?

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना, ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के अनुदान आहे. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे २५ आणि ३० टक्के घालते. बेरीज ८० आणि ७५ टक्के. हा राज्याचा जादा वाटा २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा तो अवर्षणप्रवण तालुके, विदर्भ-मराठवाड्यातले आत्महत्याग्रस्त जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग यांच्यापुरता होता. २०२१ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. माणदेशातला कोरडवाहू शेतकरी आणि कालव्याकाठचा बागायतदार एकाच रांगेत आले, हे मला तरी पटत नाही. पण आपला तालुका यादीत आहे का, हे शोधत बसण्याची कटकट तेवढी मिटली.

आता यातली खरी मेख. हे ८० टक्के तुमच्या बिलाचे नसतात, शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चाचे असतात. समजा तुमच्या क्षेत्राला आणि अंतराला मापदंड ९०,००० रुपये बसतो आणि दुकानदाराचं कोटेशन १,१५,००० चं आहे. अनुदान मिळेल ७२,०००. म्हणजे खिशातून २३,००० नव्हे, ४३,००० जाणार. शिवाय पैसे मागाहून येतात, कधी कधी खूप मागाहून. सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय तुम्हालाच करायची आहे. उसनवारीवर हिशेब बसत नसेल तर बँकेत मध्यम मुदतीच्या कर्जाची चौकशी अर्जाआधी करा. ज्याच्याकडे आधी पैसे आहेत त्यालाच अनुदान लवकर पचतं, ही या योजनेची जुनी खोट आहे.

कागद जुळवणे

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो सेवा केंद्रात काढता येतो. आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. आपले सगळे गट त्यात जोडले गेले का, हे तिथेच बसून पाहा. एखादा गट सुटला आणि नेमका त्याच गटात ठिबक टाकायचं असेल तर पुन्हा हेलपाटा.

मग सातबारा उघडा आणि तीन गोष्टी वाचा.

नाव. आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि सातबाऱ्यावर 'लक्ष्मी' असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावकीत बोलणं चालू असेपर्यंत ते घेतलेलं बरं.

पाणी. विहीर किंवा बोअर शेतात आहे पण सातबाऱ्यावर नाही, हा प्रकार फार. नोंद करून घेण्यासाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

पीक. ई-पीक पाहणी केली नसेल तर पिकाचा रकाना कोरा दिसतो. ती आपल्या मोबाइलवरून करता येते.

बँकेचं एक बघा. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, आणि दोन-तीन बँकांत आधार दिलेला असेल तर जे खातं शेवटी जोडलं त्यात. लोक जिल्हा बँकेचं पासबुक भरून आणतात आणि पैसे पडलेले असतात भलत्याच खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं.

अर्ज

महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन अर्जांच्या संकेतस्थळाच्या शेतकरी पोर्टलवर ओळख क्रमांक टाकून आत जा, 'सिंचन साधने व सुविधा' निवडा आणि माहिती भरा. शुल्क २३ रुपये ६० पैसे. २०२५ पासून सोडत बंद झाली आहे, आता आधी अर्ज त्याला आधी लाभ. त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' परवडत नाही.

भरताना दोन ठिकाणी हात थांबू द्या. एक, क्षेत्र हेक्टरमध्ये विचारतात. २ एकर म्हणजे साधारण ०.८० हेक्टर. सेवा केंद्रातला मुलगा घाईत '२' टाकून मोकळा होतो आणि पुढे मोका तपासणीत, म्हणजे अधिकारी शेतावर येऊन पाहतात तेव्हा, सगळं अडतं. दुसरं, नळ्यांमधलं अंतर. जवळ ओळी म्हणजे नळी जास्त, म्हणून मापदंडही जास्त. फळबागेच्या रुंद अंतराला तो बराच कमी. अर्जात १.२ मीटर, म्हणजे सुमारे ४ फूट लिहिलं आणि शेतात ५ फुटांवर नळ्या टाकल्या, तर रक्कम कापली जाते. लागवडीचं अंतर आधी पक्कं करा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून, तर अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांना बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून पूरक मदत आहे. जातीचा दाखला तयार ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे वेगळी चौकशी करा. गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, बोलीभाषेत 'पोकरा'त असेल, तर अर्जाची वाट निराळी आहे. जागतिक बँकेच्या मदतीचा हा प्रकल्प निवडक गावांपुरताच चालतो. यादीत गाव आहे की नाही ते सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक, सांगतात.

निवड झाल्यावर

मोबाइलवर संदेश आला की दिलेल्या मुदतीत कागद चढवा: सातबारा, आठ-अ, कोटेशन, संमतीपत्र, दाखला. संदेश बऱ्याचदा जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, म्हणून आठवड्यातून एकदा पोर्टल स्वतः उघडून पाहावं. कागद तपासून पूर्वसंमती मिळते. त्यानंतर संच बसवून बिल चढवायला साधारण ३० दिवस असतात. तुमच्या पत्रावर जी तारीख असेल ती खरी.

खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच. बिल जीएसटीचं, आणि साहित्यावर आयएसआय शिक्का. नळी उलगडली की तिच्यावर दर काही अंतराने छापलेला मजकूर दिसतो. तो बिलातल्या कंपनीशी ताडून पाहा. गाळणी पाण्याला साजेशी नसेल तर नळ्या बुजतात आणि सगळा खर्च वर्षभरात वाया जातो: बोअरच्या पाण्यात वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन, शेततळ्याच्या शेवाळी पाण्याला सँड फिल्टर. विक्रेता 'साधी जाळी चालते' म्हणाला तरी ऐकू नका.

मोका तपासणीला अधिकारी येतील तेव्हा संच चालू स्थितीत असावा. ते क्षेत्र, नळ्या, गाळणी, पंप पाहतात आणि ठिकाणासह फोटो काढतात. तुम्ही शेतात हजर राहा, आणि तपासणी झाल्याची तारीख लिहून ठेवा. पैसे रखडले तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज क्रमांक, पूर्वसंमतीची तारीख आणि ही तारीख घालून लेखी द्या, पोच घ्या. तोंडी चौकशीचा माग राहत नाही.

एका लाभार्थ्याला ५ हेक्टरपर्यंतच लाभ आहे आणि एकदा अनुदान घेतलेल्या क्षेत्रावर ७ वर्षं पुन्हा मिळत नाही. म्हणून सुरुवातीला रस्त्याकडेचा, दिसायला सोयीचा गट घालू नका. विहिरीचं पाणी एप्रिलपर्यंत ज्या गटाला पुरतं, तो घाला.